बाप्टिस्ट अंकलसमोर टाकलेले तीन एक्के

डिलाईल रोड,
सोमवार

प्रिय कांताआत्या,

शंतनुचा मनापासून जयभीम. गुडघा कसा आहे? तेल लावतेस की नुसतीच बाटलीकडे बघतेस? घोडपदेव इथून पंधरा मिनिटांवर असताना हा पत्र काय लिहितोय, असं म्हणशील. फोनवर बोललो तर पप्पा ऐकतात (आपल्या खोलीत कुजबुजलं तरी शेजारचे उत्तर देतात), आणि ही गोष्ट इतक्यात त्यांच्या कानावर जायला नको.

तर काल मी गिरगावात बाप्टिस्ट अंकलकडे जेवायला गेलो होतो. माझ्या ऑफिसातल्या अँड्रियाचे हे वडील. आम्हाला लग्न करायचंय, आणि अंकल हो म्हणतात की नाही ते कालच ठरायचं होतं. मला वाटलं पगार विचारतील, धर्म विचारतील. तसलं काही नाही. जेवण झाल्यावर त्यांनी पत्ते काढले. अंकल तीस वर्षं बोटीवर कूक होते, तिथे सात पानांचा पोकर शिकले. अँड्रियाच्या आईच्या, ओल्गा आंटींच्या घरात पैसे लावायला बंदी, म्हणून डाव कुलकुलांवर (नाताळात तळतात ते, शिंपल्याएवढे, गोड).

तुझी रमी विसर, आत्या. इथे आधी प्रत्येकाने एक कुलकुल मध्ये टाकायचा. मग तीन पानं, दोन पालथी आणि एक उघडं. ज्याचं उघडं पान सगळ्यांत हलकं त्याने बोली सुरू करायचीच, सुटका नाही. माझी दुर्री होती (मला वाटलं, पाहुणा म्हणून मान दिला). पुढे चौथं, पाचवं, सहावं पान उघडं येतं आणि दर पानाला एक फेरी. आता ज्याची उघडी पानं भारी तो आधी बोलतो. त्याच्याएवढं टाकून टिकायचं, हातात जोर असेल तर चढवायचं, नाहीतर पानं टाकून मोकळं व्हायचं. पहिल्या दोन फेऱ्या एकेक कुलकुलाच्या, नंतरच्या तीन दोन-दोनच्या. सातवं पान पुन्हा पालथं, त्यावर पाचवी फेरी झाली की उरलेल्यांनी पानं दाखवायची. सातांतली चांगली पाच धरतात.

आता माझी अक्कल ऐक. माझ्या पालथ्या पानांत दोन एक्के. अंकलसमोर दोन बादशहा उघडे. ओल्गा आंटी चौथ्या पानालाच उठून भांड्यांकडे गेल्या. अंकल दर फेरीला बोलत होते, मी मुकाट तेवढेच टाकत होतो. चढवणार कसं? होणारे सासरे, त्यात मी त्यांच्याच घरचं विंदालू ओरपून बसलेला. मोठ्यांच्या वर जायचं नाही, हे आपल्याकडे दुधाचे दात असल्यापासून शिकवतात. अँड्रिया मागून पाठीत बोट खुपसत होती, मी समजलो लाडाने. सातवं पान उचललं तर तिसरा एक्का! अंकलनी दोन कुलकुल पुढे सरकवले. मी हात जोडून "अंकल, तुम्हीच जिंकलात" म्हणालो आणि पानं टाकली. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, काय सांगू.

अंकलनी माझी पानं उलटून बघितली (हे नियमात बसत नाही, पण घर त्यांचं). मग म्हणाले, "तीन एक्के हातात असून तू गप बसतो? मग उद्या माझ्या पोरीसाठी कुणासमोर तोंड उघडशील? तुझ्या घरी तरी सांगितलंस का तिचं?" आत्या, खरंच लाज वाटली. पुढच्या रविवारी वडिलांना घेऊन ये, नाहीतर येऊच नको, असं म्हणून त्यांनी पत्ते डबीत भरले.

बाकी सगळं छान. जपून राहा.

तुझा भाचा,
शंतनु

ता. क. गुडघा बरा असेल तर बुधवारी संध्याकाळी चक्कर मार आणि पप्पांना तूच सांगून टाक. मी तेव्हा नेमका बाहेर असेन.

आणखी एक. हसू नकोस, पण तिच्याशिवाय मला नाही जमणार.

कांता, हे मी, दत्ताराम, लिहितोय. पत्र ओट्यावर उघडं पडलं होतं, वाचलं. मुलीचं मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. तिचा डबा आपल्याकडे घासायला येतो, त्यावर नाव कोरलेलं आहे. हा कधी बोलतो म्हणून मीही वाट बघत गप्प बसलो, चुकलंच माझं. पाकीट चिकटवून मीच पेटीत टाकतोय. बुधवारी तू येऊ नकोस, त्याचं त्याला बोलू दे. मी काहीच माहीत नसल्यासारखा बसणार आहे. रविवारसाठी सफेद शर्ट तेवढा इस्त्रीवाल्याकडून आणून ठेवलाय.