प्लग उपटून घेतलेली परीक्षा

निपाणी

प्रिय पारमिता,

वखारीत तंबाखू पाखडणाऱ्या सुपांचा तो सप्‌ सप्‌ आवाज अजून माझ्या कानात आहे. त्या तालावर तुझी आई, शेवंता, ओव्या म्हणायची आणि शाळेवर जाताना मी मुद्दाम सायकल हळू करायचो. पुस्तकातल्या सगळ्या कविता मला पाठ. पण तिच्या ओवीपुढं माझा आवाज पडायचा.

कॅसेटवर टेप केलेल्या त्याच ओव्या आता आपल्या विहारातल्या वाचनालयाच्या लिनक्स सर्व्हरवर आहेत. फाइलसिस्टिम कोणती घ्यावी, म्हणजे डिस्कवर फायली कुठल्या रीतीनं मांडाव्यात, यावरून आपण फोनवर किती भांडलो! मला एक्सएफएसचा वेग भावला होता. तू म्हणालीस, "आप्पा, वेगानं काय शाळा लवकर सुटायची हाय? निपाणीत लाइट किती वेळा जातीया ते बघा की."

मास्तरच मी, तीन फाइलसिस्टिमची परीक्षा घेतली. फायली उतरत असताना मुद्दाम प्लग उपटायचा, परत लावायचा, जुन्या हजेरीपटावर गुण मांडायचे. एक्सटीफोर आणि एक्सएफएस, दोघंही झटकन उठून उभे राहिले. झेडएफएस जरा मंद. पण लिहिलेलं आतून बिघडलं तर ओळखणारा विद्यार्थी तोच एक. शेवटी तुझंच ऐकलं. दोन डिस्क जोडल्या, दोन्हींवर तेच उतरेल असा झेडएफएस बसवला.

परवा तपासणीत एका डिस्कवर आईच्या ओव्यांची फाइल बिघडलेली निघाली. पण दुसऱ्या डिस्कवरून त्यानं ती आपली आपणच सावरली होती. सगळी ऐकली. मधे तंबाखूनं लागलेला तिचा ठसकासुद्धा जागेवर आहे. लई हलकं वाटलं गं.

आता खरं सांगतो. सर्व्हरबाहेरची दुसरी प्रत कपाटातल्या पेन ड्राइव्हवर आहे, असं तुला सांगितलं होतं. ती नाही. ती पुसून मी तिथं माझ्या आवाजातल्या कविता भरल्या. कॅसेट तर आधीच तुटली होती. तोंडावर सांगायचं धाडस होईना, म्हणून हे पत्र.

कडी वाजली म्हणून उठलो, तर दारात तू! कामाच्या दिवशी बेळगावहून, हातात नवी डिस्क घेऊन. चपला काढायच्या आधीच विचारलंस, "सर्व्हरची मेल आली, एक डिस्क जायला लागलीया. दुसरी प्रत कुठं हाय, आप्पा?" तू पाणी पिईपर्यंत एवढं लिहितो आणि कागद तुझ्याच हातात ठेवतो.

तुझाच,
आप्पा