एकोणीस खरखरीत सुकाणू

ती. बाबांना,

दिवसभर बोटीखाली वाकलेल्या लेकीचा, तसाच वाकून नमस्कार.

तब्येत उत्तम, जेवण पोटभर. आमचा संघ पाचवा आहे. कालपर्यंत तिसरा होता. का घसरला ते सांगते, आधी चिडू नका.

इथे शिडाच्या वीसही बोटी हुबेहूब सारख्या. रोज चिठ्ठ्या टाकून बोट मिळते, म्हणजे जिंकावं ते माणसाने, बोटीने नाही. म्हणून बोटीत काहीही बदलायचं नाही. काल सकाळी सुकाणूवर तळहात फिरवला, तर पातं खरखरीत. तुमचीच सवय! पॉलिश पेपर हातात कधी आला, कळलंच नाही.

शर्यत आम्ही मारली. पण मन खायला लागलं, तेव्हा बोटी तपासणाऱ्या आजोबांना जाऊन सांगितलं. त्यांनी आमची शर्यत बाद केली. मग डोळे मिटून पात्यावर हात फिरवला.

"कुणी शिकवलं?"

"वडिलांनी."

"आता एकतर हे बिघडवायचं, नाहीतर बाकीची एकोणीस अशी करायची."

आज वारा पडला, शर्यती रद्द. सगळे संघ घासत बसले होते आणि मी तुमच्यासारखी ओरडत फिरत होते.

तुमचा उजवा हात उचलला जातो का आता? आई फोनवर "बरा आहे" म्हणते आणि लगेच विषय बदलते. चेंडू दाबायचा कंटाळा करू नका.

आपल्या होडीचं सुकाणू मी निघताना मुद्दाम खरखरीत ठेवलंय. त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नका, माझासुद्धा.

तुमची,
पाचवी आलेली