आई गावाला गेली आहे

प्लोवदिव,
१४ सप्टेंबर

प्रिय ओग्न्यान,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक आहे, एक माझा गुडघा सोडला तर, आणि त्याच्या कुरकुरीची आता सवय झाली आहे. हेदरला माझी आठवण सांग.

ऑक्टोबरमध्ये तुम्ही दोघं येताय हे वाचलं. ‘ताई, जुन्या गावात एखादं चांगलं हॉटेल सुचव, तुला उगाच त्रास नको,’ असं लिहिलंयस. बरं. सुचवते.

नदीकाठी एक मोठं हॉटेल आहे. लिफ्ट आहे, नाश्त्याला काय हवं ते मांडून ठेवतात, पण खिडकीतून नुसता पूल दिसतो. कापानाच्या गल्ल्यांतल्या खोल्या पोरासोरांसाठी बऱ्या, तुमच्या वयाच्या माणसांना तिथल्या गाण्यांत झोप लागायची नाही. त्यापेक्षा टेकडीवर एका जुन्या व्यापाऱ्याच्या घरात केलेलं हॉटेल आहे ते बघा. कोरीव लाकडी छत आहे, हेदर खूश होईल. फक्त गाडी दारापर्यंत जात नाही. दगडी रस्त्यावर बॅगांची चाकं निखळतात आणि मग लोक आमच्याकडे दोरी मागायला येतात. टाचांचे बूट आणू नकोस म्हणावं तिला.

रोमन थिएटर सकाळी पाहा, दुपारी दगड तापतात. खोदकाम चालू होतं तेव्हा कुंपणाखालून आत शिरताना तू चड्डी फाडून घेतली होतीस, ते हेदरला सांगितलंयस का? आता रीतसर तिकीट काढून शिर. संध्याकाळी नेबेत टेकडीवर जा. तिथून सगळी छपरं दिसतात, आपलंही. आई ज्या खिडकीतून जेवायला हाका मारायची ती सुद्धा. आता त्या खिडकीत दिवा दिसला तर दचकू नकोस. पाहुणे असतील.

हो, वरच्या दोन्ही खोल्या मी पाहुण्यांना देते. फोनवर सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, सांगितलं नाही. मी खाली स्वयंपाकघराशेजारी असते. आईची खोली सगळ्यांना हवी असते, उजेड चांगला आहे म्हणतात.

हेदरला एक गोष्ट आधीच सांगून ठेव. आपल्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो, नाव आणि चार ओळी छापलेला कागद दाराला लावतात, चाळिसाव्याला, सहा महिन्यांनी, वर्षाने नवा लावतात, हे तिकडच्या माणसाला कुठून ठाऊक असणार? आईचा कागद आपल्या दारावर आहे. तो निळ्या झग्यातला हसरा फोटो तूच काढलेला.

पाहुण्यांना आपली अक्षरं वाचता येत नाहीत. त्यांना वाटतं, ही घराची मालकीण, स्वागतासाठी फोटो लावलाय. मे महिन्यात एक डच बाई आली. दाराशीच फोटोकडे बोट करून म्हणाली, ‘किती गोड हसतात! नाश्त्याला भेटतील ना?’ माझ्या मोडक्या इंग्रजीत मला खरं सांगता आलं असतं. एका शब्दाचं तर काम होतं. मी म्हणाले, ‘आई गावाला गेली आहे. रविवारी येईल.’

ती रविवारच्या आधीच गेली. जाताना आईसाठी म्हणून फुलांच्या कंदांची पुडी माझ्या हातात ठेवून गेली.

तेव्हापासून सगळ्यांना मी हेच सांगते. समोरच्या त्सेनाने एकदा ऐकलं आणि रस्त्यातच मला धरलं. ‘अगं सेवदा, गेलेल्या बाईला परत परत गावाला कशाला पाठवतेस? दमेल ना ती!’ आणि हसली. मीही हसले. मग ती तिथेच डोळे पुसायला लागली आणि मी पाव आणायला गेले.

मला काही वाटत नाही, ओग्न्यान. हेच लिहायचं होतं, मघापासून हॉटेलं सांगत बसले. चादरी बदलते, टॉवेल वाळत घालते, उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावर परक्या बाईचा केस सापडतो तो उचलून टाकते. परवा कंद घेऊन आईच्या कबरीवर गेले. उकरलं, पुरले, पाणी घातलं, बस पकडून घरी आले. बसमध्ये विचार काय करत होते, तर साबण संपलाय. आईला पुरताना सुद्धा मी रडले नव्हते, तू फोनवर पाहिलंच असशील. तुला सुट्टी मिळत नव्हती. ‘हरकत नाही,’ असं मी म्हणाले होते. हरकत होती.

आज सहा महिन्यांचा नवा कागद लावला. फोटो तोच. खाली माझं नाव, तुझं, हेदरचं. शेजारणी येता-जाता वाचतात, पण घरात परकी माणसं म्हणून आता कोणी आत येत नाही. आणि जे आत येतात त्यांना वाचता येत नाही.

तेव्हा हॉटेलचं राहू दे. ऑक्टोबरात आईची खोली मी कोणाला दिलेली नाही. म्हणे त्रास नको! त्रासच हवाय मला.

आलास की लगेच बेल वाजवू नकोस. दारावरचा कागद आधी वाच, वरपासून खालपर्यंत, मोठ्याने. मी दाराला लागून आत उभी असेन. तुझ्या तोंडून ऐकलं की दार उघडीन.

तोवर आईला गावालाच ठेवणारी,
तुझी ताई
सेवदा