जगाला पुरेल एवढा तांदूळ

१ जुलै, मंगळवार
बोटी किनाऱ्यावर ओढून महिना झाला. मासेमारी बंदी अजून महिनाभर. आमच्या आगर गावातले बाकीचे लोक आता पत्ते खेळणार आणि झोपणार. मी इंग्रजी सुधारणार. रोज पंचवीस शब्द, म्हणजे पंचवीस. बंदी उठली की डहाणू रोडला जाऊन बँकेच्या मॅनेजरशी इंग्रजीतच बोलायचं. तो मराठी आहे, पण तो त्याचा प्रॉब्लेम.
जाळं शिवायचं आहे. उद्यापासून.

२ जुलै, सकाळी ११
पुतणी क्रांती पालघरला कॉलेजात असते. तिने फोनवर एक गेम लावून दिला. एक इंग्रजी शब्द येतो, खाली चार अर्थ. बरोबर अर्थावर बोट ठेवलं की आपल्यातर्फे दहा दाणे तांदूळ कुठल्यातरी देशातल्या उपाशी माणसांना जातात. स्क्रीनवर लाकडी वाडगा आहे, त्यात दाणे पडताना दिसतात.
पहिलाच शब्द बरोबर आला. एका बोटाने माणूस जेवला. म्हणजे जेवायला सुरुवात झाली.
दान गुप्त ठेवायचं. बायकोला, म्हणजे निर्मलालाही सांगायचं नाही. विचारलं तर म्हणायचं, कामाचं आहे.

५ जुलै
निर्मला म्हणाली, जाळं. मी म्हटलं, कामात आहे. ती म्हणाली, कसल्या. ते सांगितलं नाही, कारण दान गुप्त आहे. गुप्त दान करणाऱ्या माणसाला घरात फार ऐकून घ्यावं लागतं.
माळ्यावर तिने पावसाळ्यात विकायला सुके बोंबील भरून ठेवलेत. वासाने कॉन्सन्ट्रेशन होत नाही. तीन शब्द चुकले, ते त्या बोंबलांमुळेच.

९ जुलै
नवीन शब्द लोकांमध्ये वापरायचे असं ठरवलं होतं. शेजारच्या मालूकाकीला म्हटलं, तू फ्रूगल आहेस. तिला राग आला नाही, कारण कळलं नाही. अर्थ काटकसरी की कंजूष ते मला पक्कं आठवत नव्हतं, पण चांगलाच असणार.

१२ जुलै
मेहुणा स्वप्निल येऊन गेला. बोटीत त्याचा अर्धा वाटा, माझा अर्धा. विचारत होता, दाजी, जाळ्याचं कुठवर आलं. मी म्हटलं, मनात पूर्ण शिवून झालंय, आता फक्त हाताने करायचं राहिलंय. तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. इम्प्रेस झाला असावा.

१५ जुलै
गेममध्ये लेव्हल वाढतात तसे शब्द अवघड होतात. आज अर्धा तास एकाच शब्दावर गेला. मग लक्षात आलं, अवघड शब्दालाही दहाच दाणे आणि सोप्यालाही दहाच. माझी इंग्रजी सुधारावी म्हणून उपाशी माणसाला ताटकळत ठेवायचं, हे माणुसकीला धरून नाही. पुन्हा लेव्हल एकवर आलो. आता मांजर, झाड, मोठा, लहान असे शब्द येतात आणि धडाधड दाणे पडतात. इंग्रजीचं नंतर बघू. आधी भूक.

२० जुलै, रविवार
मोठा दिवस. नीट लिहितो.
नारळी पौर्णिमेच्या गावजेवणाची मीटिंग होती. आमच्याकडे यात लिहालिही नसते. नारळ हातोहात फिरतो. ज्याच्या हातात येईल त्याने आपण काय देणार ते मोठ्याने बोलायचं. नारळ धरून बोललेलं मागे घेता येत नाही. आणि ज्याचा तांदूळ त्याचा मान. पौर्णिमेला सोनेरी कागद लावलेला नारळ हातात घेऊन मिरवणुकीच्या पुढे तोच चालतो. हा मान मला लहानपणापासून हवाय. आजवर दुसऱ्यांच्या पाठी बघत चाललोय.
स्वप्निलने तेल बोललं. मालूकाकीने डाळ. नारळ माझ्याकडे आला. दान गुप्त ठेवायचं ठरलं होतं, पण नारळ हातात धरून खोटं बोलायचं नाही, आणि लपवणं हे एक प्रकारचं खोटंच. म्हटलं, तांदळाचं काम माझ्याकडून महिन्याच्या सुरुवातीपासून चालूच आहे. रामूकाका आमचे जुने तांडेल, उभं आयुष्य बोटी चालवण्यात गेलं. त्यांनी विचारलं, सगळ्या गावाला पुरेल का रे विनोद. मी म्हटलं, गावाचं काय घेऊन बसलात, जगाला पुरवतोय.
टाळ्या पडल्या. रामूकाकांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, मग नारळ तुझ्याच हातात.
डोळ्यांत पाणी आलं. शेवटी गावाला समाजकार्याची किंमत कळली.
निर्मला बाजारात सुके बोंबील विकायला गेली होती. हे बघायला नव्हती.

२१ जुलै
निर्मलाला मालूकाकीकडून समजलं. विचारत होती, खरंच तांदूळ बोललात का. मी म्हटलं, रोज थोडा थोडा भरतोय. ती म्हणाली, घरी तर दिसत नाही. मी म्हटलं, घरी येतच नाही, थेट पोचतो. तिने मला न मागता चहा दिला. लग्नाला अठरा वर्षं झाली, असं पहिल्यांदाच.

२९ जुलै
मिरवणुकीसाठी पांढरा शर्ट शिवायला टाकला. नारळ धरून चालायची प्रॅक्टिस केली. नारळ महाग झालेत म्हणून दुधी भोपळा घेतला होता. निर्मलाने तो काढून घेऊन भाजी केली.
जाळं पौर्णिमेनंतर. मानाच्या माणसाने किनाऱ्यावर मांडी घालून शिवत बसणं बरं दिसत नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार, दुपारी
गावजेवणाच्या स्वयंपाकाची मुख्य हिराबाई. आज दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, पोती कुठे उतरवलीत, तांदूळ निवडायला बायका बोलवायच्यात. मला वाटलं हिला पुरावा बघायचाय. फोन काढून वाडगा दाखवला. तिने डोळे बारीक करून बघितला, बोटाने पुसून बघितला. म्हणाली, हे शिजवू कशात.
मी तिला सगळं समजावलं. दाणे, शब्द, उपाशी माणसं, दुसरे देश. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, म्हणजे पोती नाहीत.
निर्मला मागेच उभी होती.

७ ऑगस्ट, संध्याकाळी
माझी चूक कुठे आहे तेच कळत नाही. मी एकही शब्द खोटा बोललो नाही. तरी एकदा आपलं दान नजरेने बघावं म्हणून डब्यातले शंभर दाणे मोजून चमच्यात घेतले आणि चमच्याने अंदाज काढला. महिनाभराचा सगळा तांदूळ एका तांब्यात मावतो. तांब्याही वरपर्यंत भरत नाही.
लाज वाटली. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो, खूप वाटली. गावातले तीनशे लोक परवा पाटावर बसणार आणि सगळे माझ्याकडे बघणार.
उपाय एकच, जोर लावायचा. तासाभरात बरेच शब्द केले. घाईत झाडाला मांजर म्हटलं, ते दाणे गेले.

८ ऑगस्ट, सकाळी
निर्मला सकाळीच उठून माळ्यावर चढली. सगळे बोंबील खाली काढले, टोपल्या टेम्पोत भरल्या. तलासरीकडच्या पाड्यावर तिची मैत्रीण आहे, शुक्री. निर्मलाच्या आईच्या वेळेपासून त्यांची देवघेव, इकडून सुकी मासळी आणि तिकडून तांदूळ. मी म्हटलं, मी पण येतो. ती म्हणाली, तुम्ही फोन चार्ज करा.
ते बोंबील म्हणजे तिची पावसाळ्याची कमाई. मला आठवलं, पण टेम्पो सुटला होता.

८ ऑगस्ट, दुपारी १२
फोन आला. टेम्पो वाटेत, विवळवेढ्याच्या पुढे बंद पडलाय. मला वाटलं, परत येताना. ती म्हणाली, जाताना.
गेम उघडला नाही. वाडगा बघवत नव्हता. रामूकाका रस्त्यावरून गेले, तेव्हा मी दाराआड उभा होतो.

८ ऑगस्ट, संध्याकाळी ७
टेम्पो दुपारी दुरुस्त झाला. निर्मला आली, तांदूळ आला. एका घरात एवढा नव्हता, म्हणून शुक्रीने पाड्यातल्या घराघरातून गोळा केला, कोणाचा सूपभर, कोणाचा पायलीभर. तीही सोबत आलीय, उद्या जेवायला थांबणार.
पोती मी एकट्याने उतरवली. पाठ धरली. निर्मला बघत होती, बहुतेक कौतुकाने. उद्या नारळ माझ्याच हातात, कारण गावात बोललो मीच होतो. शर्टाला इस्त्री केली.

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
शर्ट घालून सगळ्यांत आधी पोचलो. रामूकाका नारळ घेऊन आले. मी दोन्ही हात पुढे केले. ते माझ्या बाजूने पुढे गेले आणि नारळ निर्मलाच्या हातात दिला. हिराबाईचं तोंड काही बंद नसतं.
मिरवणूक निघाली. निर्मला पुढे, शुक्री तिच्या बाजूला, बँड मागे. मी बँडच्याही मागे. निर्मलाने लग्नातली साडी नेसली होती. चांगली दिसत होती. रडायला येत होतं, पण ते बँडच्या आवाजामुळे असेल.
पाण्यात नारळ सोडायच्या आधी ती थांबली. नारळ हातातच होता. मोठ्याने म्हणाली, तांदूळ माझ्याकडून, आणि जेवणाची सगळी भांडी आमचे हे घासणार. एकट्याने.
नारळ धरून बोललेलं मागे घेता येत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीटिंगमध्ये मला पडल्या त्यापेक्षा जास्त.

९ ऑगस्ट, सूर्यास्त
पांढरा शर्ट दोरीवर टाकून बसलो. मोठ्या टोपाच्या तळाला भात करपून चिकटला होता. आत वाकून खरवडत होतो. हाताला येत होता तो नुसता खाली लागलेला भात, कोणी न खाल्लेला, आणि तोही माझ्या महिनाभराच्या तांदळापेक्षा जास्त. दोनदा हातात घेऊन बघितलं. जास्तच.
निर्मला येऊन आत वाकून बघून गेली. म्हणाली, कडेला अजून राहिलंय.