दिवसा लावलेलं दार

कोथरूड, ६ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं घालतोस, म्हणून लिहितेय. तुझ्या घरामागं माझ्यासाठी बांधलेल्या खोलीची कुणीतरी महापालिकेत तक्रार केली म्हणे. खालच्या मजल्यावरच्या केदार वकिलाला विचारलं. लेखी नोटीस दिल्याशिवाय पालिकेच्या साहेबांना राहत्या घरात शिरता येत नाही, दिवस मावळल्यावर तर नाहीच. पण घरातल्यानंच आत घेतलं तर कायदा काही करू शकत नाही. तुझ्या लेकानं, सूरजनं खोली नियमित करायचा अर्ज टाकलाय, त्याचा निकाल लागेपर्यंत दार लावून ठेव.

इथं मुलगा-सून कामाला जाताना बाहेरून कुलूप लावतात. एकदा मी गॅस चालू ठेवून खाली गेले होते, तेव्हापासून. काळजीपोटीच. पत्र जाळीतून केदारकडे देते. त्या खोलीकडे डोळे लागलेत.

तुझी विजू

कात्रज, ९ मे

चि. विजूस अनेक आशीर्वाद.

दार लावलंय. आपल्या आळीत दिवसा दार लावायची रीत नाही, हे तू कोथरूडला जाऊन विसरलीस. शेजारचा नागोराव खिडकीतून विचारून गेला, की नवरा-बायकोचं बिनसलंय काय. उकाड्यानं जीव जातोय. आपल्याच घरात चोरासारखं बसलोय. तुझे दिवस कसे जात असतील ते आता कळतंय.

तुझा दत्तोबादादा

कात्रज, १४ मे

चि. विजूस आशीर्वाद.

काल पालिकेतून तिघं आले. नोटीस नव्हती. मी दारामागं गप्प उभा राहिलो. तेही हटेनात, भर उन्हात उभे. तुझ्या इंदूवहिनीला राहवेना. तिनं पाणी द्यायला दार उघडलं आणि तांब्या पुढं करताना सवयीनं म्हणाली, उन्हात का उभे, आत बसा.

त्यांनी चपला काढल्या, गूळ-पाणी घेतलं, तिला माउली म्हणाले आणि मग खोली मोजायला टेप काढला. घरच्यांच्या संमतीनं प्रवेश, असं साहेबानं लिहिलं. खोटं कसं म्हणू? खोली बेकायदा म्हणून नोंदली. इंदू कालपासून जेवली नाही. विजूचं घर मी घालवलं, एवढंच म्हणते.

दत्तोबादादा

कोथरूड, १८ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीला आधी जेवू घाल. माणसं उन्हात ठेवून राखलेल्या खोलीत मला झोप लागली नसती. पाडण्याआधी आपलं म्हणणं ऐकावं लागतं, असं केदार सांगतो. आशा फार धरू नकोस.

मी त्याला आणखी एक विचारलं. परक्यानं घरात शिरायला एवढे नियम, मग घरच्यांनी घरच्याला कोंडायला काय? तो जाळीजवळ सरकला. म्हणाला, आजी, त्यालाही कायदा आहे, फक्त तक्रार तुम्हाला मुलाच्या नावानं करावी लागेल.

ती माझ्या हातून व्हायची नाही, दादा.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे. तुझं दार मात्र आता उघडं ठेव.

तुझी विजू