लिस्बनमध्ये निळा साबण मिळतो

प्रिय देओलिंदा,

सोमवारी, १० मार्चला, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आपल्याच देशात माझा अपमान झाला. कपड्यांचा निळा साबण कुठे मिळेल, असं दुकानातल्या पोरीला मी स्वच्छ पोर्तुगीजमध्ये विचारलं. तिनं उत्तर दिलं इंग्रजीत, आणि रिबीन बांधलेला गुलाबाचा साबण पुढे केला.

"बाई, मला चादरी धुवायच्यात, लग्न नाही करायचं," मी म्हणाले.

शेजारचा बांगलादेशी भाजीवाला हसला. "आजी, चर्चमागच्या गल्लीतल्या दुकानात जा," तो चक्क पोर्तुगीजमध्ये म्हणाला. "लवकर जा, एकला बंद होतं." साबण मिळाला.

तेव्हा 'तिथे आपलं कोण ऐकणार' हे तुझं इकडे न येण्याचं कारण संपलं. बेटावर एकटी राहू नकोस. तुझा खोकला मला फोनवर ऐकू येतो. खोली तयार आहे. कोंबड्या शेजारणीला दे.

येतेस की नाही, ते पंचवीस तारखेच्या आत लेखी कळव. 'बघू' हे मी उत्तर धरणार नाही.

तुझी ताई,
फिलोमेना