शिंपीणबाईंचं ऐकून घेतलं

प्रिय ताईस,

फोनवर माझा आवाज ऐकून घाबरशील, म्हणून लिहिते आहे. आमच्या चर्चच्या मंडळीत प्रार्थनेनंतर कोणी मन मोकळं करायला आलं, की ऐकून घेणं माझ्याकडे असतं. उपदेश करायचा नाही. माझा ओरडण्याचा स्वभाव तुला ठाऊकच आहे.

आज शिंपीणबाई आल्या. मुलगा वारल्यापासून त्या गप्पच होत्या.

"झोपेच्या गोळ्या साठवल्यात. आज सगळ्या घेणार. ओरडा आता!"

"ओरडेन. आधी मुलाबद्दल सांगा."

त्या रडल्या, त्याच्या खोड्या सांगताना हसल्यासुद्धा. मग त्यांच्या बहिणीला बोलावलं. दोघी डॉक्टरांकडे गेल्या.

तुझा गुडघा कसा आहे? मी ठीक आहे, फक्त जेवण गेलं नाही.

तुझी धाकटी

ता. क. बाईंनी जाताना माझ्या हवाली केलं: गोळ्यांची बाटली, घराची जादा किल्ली.